सहीची तारीख आणि कोर्सची पातळी: शिकायला परदेशी जाताना जोडीदाराला सोबत न्यायचं तर

बायकोला ब्रिटनमध्ये पीएचडीची जागा मिळाली आणि तिच्याबरोबर मीही जाणार असं ठरलं, तेव्हा गोव्यात, आमच्या फोंड्याच्या बाजारात भेटेल तो एकच विचारायचा, "तूं थंय वचून कितें करतलो?" म्हणजे तू तिथे जाऊन काय करणार? बायको नवऱ्यामागून गेली तर कोणाला काही वाटत नाही; उलटं झालं की चौकश्या सुरू होतात. त्या चौकश्यांना तोंड देत आम्ही दोन फायली उभ्या केल्या. पुढे नात्यातल्या तीन जोडप्यांच्या फायलींनाही हात लावला. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो. रकमा आणि नियम सरकारं दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघायचाच.

पहिलं काम: कोर्स निवडतानाच जोडीदाराचं बघा

बहुतेक जोडपी आधी युनिव्हर्सिटी ठरवतात, मग ऑफर लेटर घेतात, मग फीचा पहिला हप्ता भरतात आणि सगळं झाल्यावर म्हणतात, "आता हिचाही व्हिसा करून टाकू." तोवर गाडी सुटलेली असते. जोडीदाराला नेता येईल का, हे तुमचं लग्न किती जुनं आहे यापेक्षा तुम्ही कोणत्या पातळीचा कोर्स घेतला यावर ठरतं.

ब्रिटनचंच घ्या. १ जानेवारी २०२४ पासून किंवा त्यानंतर सुरू होणारा साधा, वर्गात शिकवला जाणारा मास्टर्स करणाऱ्याला नवरा किंवा बायको डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. एक वर्षाचा एमएससी आणि एमबीएही यातच आले. पीएचडी, संशोधनावर आधारलेला मास्टर्स, किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचा सहा महिन्यांहून मोठा कोर्स असेल तरच दार उघडं आहे. ज्यांना ते उघडं आहे त्यांच्या जोडीदाराला मात्र पूर्णवेळ नोकरी करता येते, इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागत नाही. "आधी तू जा, मग तिला व्हिजिटर म्हणून बोलव, तिथे गेल्यावर बदलून घेऊ," असं सांगणारे एजंट आपल्याकडेही भेटतात. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिनेच राहता येतं, काम करता येत नाही आणि तिथे राहून तो डिपेंडंट व्हिसात बदलूनही मिळत नाही. असा सल्ला मिळाला की चहा प्यावा आणि निघावं.

कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून चाळणी बारीक झाली. जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे कोणाकडेही नोकरी करायची मुभा देणारा परवाना, हवा असेल तर विद्यार्थ्याचा कोर्स १६ महिने किंवा त्याहून मोठा मास्टर्स, पीएचडी, किंवा वैद्यक, नर्सिंग, कायदा, इंजिनिअरिंग अशा ठरावीक व्यावसायिक पदव्यांपैकी असावा लागतो. आपल्याकडून हॉटेल मॅनेजमेंट किंवा कुकरीच्या डिप्लोमाला जाणारी मुलं पुष्कळ. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बायकांना तिथे कामाचं परमिट मिळायचं, म्हणून ओळखीतला कोणीतरी "आमच्या वेळी झालं होतं" असं ठासून सांगतो. त्याच्या वेळी झालं होतं हे खरंच असतं. तुमच्या वेळी होणार नाही.

अमेरिकेत कोर्सच्या पातळीची अट नाही. विद्यार्थी एफ-१ वर, जोडीदार एफ-२ वर. पण एफ-२ वर नोकरी करता येत नाही, घरबसल्या पगारी कामही नाही, आणि पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही नाही. शिकायचं तर अर्धवेळ. कार्यक्रम एक्सचेंजचा असेल, म्हणजे जे-१, तर जे-२ जोडीदाराला तिथे पोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. युनिव्हर्सिटी दोन्हीपैकी कोणता कागद देणार हे आधी विचारून घ्या. त्या एका अक्षरावर जोडीदाराची दोन-चार वर्षं अवलंबून असतात.

ऑस्ट्रेलियात जोडीदार विद्यार्थ्याच्याच सबक्लास ५०० व्हिसात कुटुंबीय म्हणून येतो. विद्यार्थी मास्टर्स किंवा पीएचडीला असेल तर जोडीदाराच्या कामाच्या तासांवर मर्यादा नाही; खालच्या पातळीच्या कोर्सला पंधरवड्याला ४८ तास. कोर्स सुरू होण्याआधी मात्र कोणीच कामाला लागायचं नाही. आणि इथे एक खड्डा आहे: जोडीदार आत्ता येणार नसेल, वर्षभराने येणार असेल, तरी पहिल्या अर्जातच त्याचं नाव जाहीर करावं लागतं. ते लपवलं किंवा विसरलं तर नंतर बोलावता येत नाही.

जर्मनीत विद्यार्थ्याला जोडीदाराला बोलावता येतं. त्यासाठी पुरेशी जागा असलेलं घर, पुरेसा पैसा आणि बहुतेक वेळा जोडीदाराची ए-१ पातळीची जर्मन भाषा लागते. पोचल्यावर काम करायची मुभा असते. ए-१ म्हणजे "मी गोव्याचा आहे, मला चहा हवा" इतपत जर्मन, पण परीक्षेची तारीख आणि निकाल धरून तीन-चार महिने सहज जातात.

दुसरं काम: सही

गोव्यात लग्न लागतं मांडवात, पण होतं सिव्हिल रजिस्ट्रारच्या टेबलावर. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत आपल्याला अंगवळणी पडलेली आहे, पण परदेशातल्या व्हिसा अधिकाऱ्याला तिचा पत्ता नसतो. सावंतवाडीचे किंवा कोल्हापूरचे पाहुणेही गोंधळतात, कारण तिकडे लग्न आधी आणि नोंदणी मागून होते.

आपल्याकडे तालुक्याच्या रजिस्ट्रारपुढे दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करायचा, म्हणजे पहिली सही. मग नोटीस लागते आणि पंधरा दिवस हरकतींसाठी जातात. त्यानंतर मुदतीत साक्षीदार घेऊन दुसरी सही. ही मुदत टळली तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरी सही झाली की कायद्याने तुम्ही नवरा-बायको, मग मांडव पुढच्या आठवड्यात पडो की पुढच्या वर्षी.

अर्जात "लग्नाची तारीख" विचारतात तिथे ही सहीची तारीख, म्हणजे दाखल्यावर छापलेली तारीख लिहायची. आमच्या सह्या फेब्रुवारीत झाल्या, अक्षता पडल्या मे महिन्यात. बायकोने तिच्या फॉर्ममध्ये फेब्रुवारी लिहिलं. मी भावनेच्या भरात मे लिहिलं, कारण माझ्या लेखी लग्न तेच. दोघांची फी भरून झाल्यावर, अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं. मग गोव्यातली नोंदणीची पद्धत समजावणारं एक पानी पत्र लिहून जोडलं आणि निभावलं. तुमच्या तारखा वेगळ्या असतील तर चूक नसतानाही असं पत्र जोडा: सही अमुक दिवशी, धार्मिक विधी अमुक दिवशी, फोटो त्या दुसऱ्या दिवसाचे. नाहीतर दाखला फेब्रुवारीचा आणि अल्बम मेचा बघून समोरच्याला वाटायचं की दाखला बनावट आहे.

व्हिसाच्या घाईत आधी सह्या उरकून घेणारी जोडपी बरीच असतात. त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सह्या झाल्या आणि पुढे सोयरीक फिसकटली तर ती साखरपुडा मोडण्यासारखी गोष्ट राहत नाही, कोर्टात जावं लागतं. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, वडिलोपार्जित धरून. हा करार लग्नानंतर करता येत नाही. भीती घालायला सांगत नाही. पण "नुसती सही तर आहे" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

दाखला हातात आला की त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. काही देशांना अपोस्टिल लागतं: आधी राज्य सरकारकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मागितलं नसेल तर पैसे घालवू नका.

तिसरं काम: नावं जुळवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. गोव्यातल्या जुन्या जन्मनोंदींत आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. नाईकचं स्पेलिंग एका कागदावर क्यू घालून, दुसऱ्यावर के घालून. कामतांचं काही घरांत कामोतीं. वडिलांचं नाव जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. त्यात बायकोचं लग्नातलं नाव. मांडवात तांदळात लिहिलेलं नाव हौस म्हणून ठीक आहे, पण ते एखाद्या बँक खात्यात शिरलं की एकाच बाईच्या दोन बायका होतात.

माझं मत विचाराल तर पासपोर्टवर आडनाव बदलायच्या भानगडीत जाऊच नये, निदान शिक्षण संपेपर्यंत. लग्न सिद्ध करायला आडनाव बदलणं कुठेच बंधनकारक नाही. पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घालून घेतलं तर बरं, ते पणजीच्या पासपोर्ट कार्यालयामार्फत होतं. आधी एक कोरा कागद घ्या, त्यावर दोघांचे सगळे दाखले एकाखाली एक मांडा आणि प्रत्येकावर नाव जसंच्या तसं लिहा. जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्ती किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. कागद पोर्तुगीज किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत.

आणखी एक खास गोव्याचा प्रश्न. दोघांपैकी एकाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचा भारतीय पासपोर्ट गेलेला असतो आणि दोघांच्या फायली वेगळ्या वाटेने जातात. युरोपीय संघातल्या देशात शिकायचं असेल तर जोडीदाराची वाट बरीच सोपी होते. ब्रिटनसाठी मात्र २०२१ पासून त्या पासपोर्टचा असा उपयोग उरलेला नाही, तिथे नव्याने जाणाऱ्याला व्हिसा काढावाच लागतो. अजून "पोर्तुगीज आहे ना, मग लंडन आपलंच" असं म्हणणारे काका घरोघरी आहेत.

चौथं काम: पैसा, आणि तो कुठे ठेवलाय

जोडीदारासाठी वेगळी रक्कम दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये लंडनसाठी महिना ८४५ पौंड, बाहेर ६८०, जास्तीत जास्त नऊ महिने. म्हणजे लंडनला ७,६०५ आणि बाहेर ६,१२० पौंड, विद्यार्थ्याच्या रकमेच्या वर. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्यात एक दिवससुद्धा खाली आली तर मोजणी पुन्हा सुरू. त्याशिवाय आरोग्य अधिभार, विद्यार्थी आणि त्याच्या जोडीदाराला प्रत्येकी वर्षाला ७७६ पौंड, संपूर्ण व्हिसाचा एकदम आगाऊ. चार वर्षांच्या पीएचडीला, कोर्सनंतरचे व्हिसाचे जादा महिने धरून, माझ्या एकट्याचे साडेतीन हजार पौंडांच्या आसपास अर्ज करतानाच गेले. हा आकडा कोणी आधी सांगत नाही आणि तो कर्जातही सहसा बसत नाही.

कॅनडा सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवास सोडून एकट्यासाठी २२,८९५ आणि दोघांसाठी २८,५०२ कॅनेडियन डॉलर बघतो. ऑस्ट्रेलिया विद्यार्थ्याला २९,७१० आणि जोडीदाराला आणखी १०,३९४ ऑस्ट्रेलियन डॉलर. अमेरिकेत आकडा युनिव्हर्सिटी ठरवते: जोडीदाराचा वर्षाचा खर्च धरून ती त्याच्या नावाचा स्वतंत्र आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा कागद, देते. तो हातात आल्याशिवाय एफ-२ चा अर्ज पुढे जात नाही. विद्यार्थ्याला सरकारी नोंदणीसाठी भरावी लागणारी सेविस फी मात्र एफ-२ ला पडत नाही.

आता पैसा कुठे. आपल्याकडे ठेवी बँकेपेक्षा पतसंस्थेत जास्त, कारण व्याज अर्धा-एक टक्का वर मिळतं आणि मॅनेजर ओळखीचा असतो. व्हिसासाठी ही ठेव बहुधा चालत नाही. ब्रिटनला तर नियामकाच्या देखरेखीखालची, संगणकीय नोंदी ठेवणारी वित्तसंस्थाच लागते, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तेव्हा अर्जाच्या तीन-चार महिने आधी ते पैसे राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत, तुमच्या दोघांच्या नावावर आणा. सासऱ्यांनी दिले असतील तर भेटपत्र करून ठेवा. आदल्या आठवड्यात अचानक आलेले पंधरा लाख बघून कोणालाही शंका येते, मलाही आली असती.

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्यासाठी असतं. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही विद्यार्थ्याचीच. जोडीदाराचा खर्च बँक धरेल असं गृहीत धरू नका, शाखेत लेखी विचारा. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि गोव्यात घर गहाण ठेवायचं तर मालक नवरा असो की बायको, दोघांच्या सह्या लागतात. घर अजून आजोबांच्या नावावर आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर काका-आत्यांची रांग असेल, तर ते घर विसरा आणि दुसरं तारण शोधा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, सुटेपर्यंत तुमची पीएचडी होऊन जाईल.

पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक उगमस्थानी कर (टीसीएस) वसूल करते; मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेला तो लागत नाही. शिक्षणाच्या नावाने पाठवलेले पैसे आणि जोडीदाराच्या निर्वाहासाठी पाठवलेले पैसे यांचा दर वेगळा, म्हणून फॉर्मवर उद्देश नीट भरा. विवरणपत्र भरताना हा कर परत मागता येतो.

पाचवं काम: अर्ज

एकत्र करायचा की मागून? पीएचडीसारखा लांब कोर्स आणि पैसा तयार असेल तर एकत्र करा, एकच कथा एकदाच सांगून होते. पैसा जेमतेम असेल तर विद्यार्थ्याने आधी जावं, घर शोधावं, तीन-चार महिन्यांनी जोडीदाराने अर्ज करावा. युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात जोडप्यांच्या खोल्या कमीच असतात आणि बाहेरचं भाडं बघितल्यावर मडगावच्या फ्लॅटबद्दलची तक्रार आपोआप बंद होते.

नात्याचा पुरावा म्हणून अल्बमभर फोटो नकोत. आठ-दहा पुरेत, पण वेगवेगळ्या वेळचे: साखरपुडा, सह्यांचा दिवस, मांडव, मंगेशीला नमस्काराला गेलेला, एखादा दोन्ही घरच्यांबरोबरचा. प्रत्येकाखाली तारीख आणि ठिकाण. ठरवून केलेल्या लग्नात ओळख थोड्या महिन्यांची असली तर तसं सरळ लिहा.

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या दोघांनाही क्षयरोगाची तपासणी त्यांच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये करावी लागते. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे पॅनेल डॉक्टर वेगळे. अमेरिकेची मुलाखत गोवेकरांना मुंबईत. थिवीहून रात्रीची गाडी पकडून पहाटे उतरून थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा एक दिवस आधी जा. कोकण रेल्वे पावसात कोणाच्या अपॉइंटमेंटसाठी थांबत नाही आणि धावतही नाही.

जोडीदार तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असेल तर सगळं वेळापत्रक त्याच्या बोटीवरून ठरवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं, दुसरा कोणी जाऊन चालत नाही. तो सुट्टीवर उतरायच्या आधीच कागद तयार ठेवा आणि कंपनीच्या कराराची व पगाराची पत्रं त्याच्याकडूनच मागवून घ्या. सरकारी नोकरीत असलेल्या जोडीदाराने रजा आणि खात्याचा ना हरकत दाखला यांची सुरुवात सगळ्यात आधी करावी. ती फाइल पर्वरीच्या सचिवालयात किती टेबलं फिरेल हे देवालाही माहीत नसतं. आणि रजा मंजूर नसताना राजीनामा देऊ नका; गोव्यात सरकारी नोकरी पुन्हा लागते का, हे तुम्हाला मी सांगायला नको.

निघायच्या आधी

मालमत्ता सामाईक असल्यामुळे इकडच्या कोणत्याही व्यवहाराला दोघांच्या सह्या लागू शकतात. म्हणून घरच्या विश्वासातल्या माणसाच्या नावे दोघांनीही मुखत्यारपत्र करून जा. नाहीतर एका सहीसाठी वकिलातीत खेटे घालावे लागतात. कशासाठी अधिकार देतो आहोत ते नेमकं लिहा, सरसकट सगळं देऊ नका.

अमेरिकेत जोडीदाराचा आरोग्य विमा युनिव्हर्सिटीच्या विम्यात आपोआप येत नाही, वेगळा घ्यावा लागतो आणि महाग असतो. ऑस्ट्रेलियात विमा अर्जाच्या वेळीच दोघांचा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये घरमालक कधी सांगतो की विद्यार्थी नसलेला माणूस राहायला आला म्हणजे काउन्सिल टॅक्स, आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, भरावा लागेल. विद्यार्थ्याचा परदेशी जोडीदार, ज्याच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई आहे, तो या हिशोबात धरला जात नाही. काउन्सिलला युनिव्हर्सिटीचं पत्र आणि व्हिसाची अट पाठवा. आम्हाला दोनदा बिल आलं, दोन्ही वेळा रद्द झालं.

मागून एकटा प्रवास करणाऱ्या जोडीदाराने हातातल्या बॅगेत लग्नाचा मूळ दाखला, विद्यार्थ्याचं चालू सत्राचं नोंदणीपत्र, त्याच्या व्हिसाची प्रत आणि भाडेकरार ठेवावा. मोपाच्या विमानतळावर चेक-इनला मला पहिला प्रश्न विचारला गेला तो बायको सध्या कुठे आहे हा, आणि मी सगळे कागद मोठ्या बॅगेत, कोकमांच्या आणि सुक्या बांगड्यांच्या पाकिटांखाली ठेवले होते. बॅग तिथेच जमिनीवर उघडावी लागली.